पोटरीतली गाठ

काकांच्या टाचेवरचा काळा डाग गावात वर्षभर कुरूप समजून कापला जात होता. निदान झालं तोवर मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, जांघेतल्या गाठींत आणि यकृतात पोचला होता. गोऱ्या लोकांच्या त्वचेवरच्या मेलानोमात साधारण निम्म्यांना बी-रॅफ या, पेशींना वाढायला सांगणाऱ्या जनुकातला बदल सापडतो. तळपायाच्या मेलानोमात तो बराच कमी. काकांना तो सापडला, म्हणून त्या बदलावर चालणाऱ्या डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. मध्ये या गोळ्यांचा ठरलेला ताप आला, आठवडाभर त्या बंद ठेवाव्या लागल्या.

तीन महिन्यांनी ते माझ्याकडे पेट-सीटीला, म्हणजे ग्लुकोज जास्त ओढणाऱ्या कॅन्सरपेशी चमकत्या दाखवणाऱ्या स्कॅनला, आले. यकृतातली ३४ मिलिमीटरची गाठ १२ वर आलेली, आणि तिथे ग्लुकोज अजिबात ओढलं जात नव्हतं. जांघ शांत. असं चित्र पडद्यावर दिसलं की मी खुर्चीतून उठते, खरंच.

मग पायांचं चित्र आलं. मेलानोमाचा स्कॅन मी डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंतच करते. त्यासाठी रुग्णाला टेबलावर उलटं फिरवून, पाय आधी आत घालून दुसरी फेरी घ्यावी लागते. दहा मिनिटं जास्त जातात, बाहेरची रांग कुरकुरते, तरी मी ती सोडत नाही. डाव्या पोटरीत, कातडीच्या लगेच खाली, ९ मिलिमीटरचा ठिपका चमकत होता.

नवीन की जुना? पहिला स्कॅन दुसऱ्या केंद्रातला, डोळ्यांपासून अर्ध्या मांडीपर्यंतच घेतलेला. टाचेचा मेलानोमा, फॉर्मवर तसं लिहिलेलं, आणि पाय वगळले! याचा राग अजून गेलेला नाही. कारण नियम कडक आहे. बाकीच्या गाठी कितीही आक्रसोत, एक नवी गाठ दिसली की आजार वाढला, म्हणजे प्रोग्रेशन, असंच धरायचं. निम्म्याहून जास्त रुग्णांत साधारण वर्षभरात या गोळ्यांना न जुमानणाऱ्या पेशी डोकं वर काढतात, म्हणून ऑन्कोलॉजिस्टचा फोन लगेच आला: "मॅडम, प्रोग्रेशन आहे का नाही? एका शब्दात सांगा."

एका शब्दात सांगता येत नव्हतं. मी काकांना आत बोलावलं, पोटरी चाचपली. गाठ बोटाला लागत होती. काकांच्या बायको, मावशी, शेजारी उभ्या होत्या.

"ती व्हय? ती पैल्यापासनं हाय. म्या रोज रातच्याला पायाला तेल लावती. आधी सुपारीएवढी व्हती, आता हरभऱ्याएवढी झालीय."

"गोळ्यांच्या आधी होती का, मावशी?"

"तर! गोळ्या चालू झाल्यावरच बारीक झाली."

सुईने काढलेल्या नमुन्यात मेलानोमाच्याच पेशी निघाल्या. त्याने ती गाठ काय आहे ते कळलं, केव्हापासून आहे ते नाही. ते सांगणारं यंत्र नव्हतं, फक्त मावशींची बोटं होती.

मी रिपोर्टात लिहिलं: "डाव्या पोटरीतली गाठ, आधीच्या स्कॅनमध्ये हा भाग घेतलेला नाही. पत्नीच्या सांगण्यानुसार उपचारांपूर्वीपासून आहे व आकाराने कमी झाली आहे. नवीन म्हणता येत नाही." नातेवाईकांचं सांगणं मी निष्कर्षात याआधी कधी घेतलं नव्हतं. सही करायला बराच वेळ लागला, आणि बरोबर केलं का, हे रोज घरी जाताना मनात येतं.

गोळ्या चालू आहेत. पुढचा स्कॅन आठ आठवड्यांनी आहे. फॉर्मवर 'पायाच्या बोटांपर्यंत' हे मी स्वतः लिहून ठेवलंय.