धार काढणाऱ्या रोबोटचे दोन गोठे: काय पाहिलं, आणि पार्लर सोडून रोबोटकडे वळणाऱ्यांनी काय तपासावं

पहिल्या गोठ्यात आम्ही मुद्दाम पहाटे ४ वाजता पोचलो. दिवसा पाहुणे येतात तेव्हा मागे राहिलेल्या गाई आधीच हाकून आणलेल्या असतात, गव्हाण नुकतीच भरलेली असते आणि सगळं सुरळीत दिसतं. पहाटे गोठ्यात माणूस नसतो. त्या वेळी गाई आपणहून उठून पेटीकडे, म्हणजे रोबोट जिथे एकेका गाईची धार काढतो त्या कप्प्याकडे, येत असतील, तर तो गोठा खरोखर चालतोय. इथे दोन पेट्या होत्या. एकीत धार चालू, दुसरीच्या तोंडाशी दोन गाई, बाकीचा कळप बसून रवंथ करत होता. तुम्ही जाल तेव्हा हीच वेळ मागून घ्या. गमबूट धुऊन न्या आणि कडेला उभे राहा. पेटीसमोर चार माणसं उभी राहिली की भित्र्या गाई येईनाशा होतात आणि जे पाहायला गेलो तेच बिघडतं.

नवख्याची नजर यंत्राच्या हातावर खिळते, आणि ते बघण्यासारखं आहेच. गाय आत आली की गळ्यातल्या पट्ट्यावरून तिची ओळख पटते, तिच्या वाट्याची गोळी पेंड पुढ्यात पडते, सड धुतले जातात, लेसर किंवा कॅमेरा सड शोधतो आणि एकेक करून चार कप चढतात. प्रत्येक सडाचं दूध वेगळं मोजलं जातं. ज्या सडाचं संपलं त्याचाच कप निघतो, म्हणून रिकाम्या सडावर ओढ बसत नाही. शेवटी सडांवर फवारा आणि फाटक उघडतं. सगळं मिळून ६ ते ८ मिनिटं. नेदरलँड्समधल्या गोठ्यांत असे रोबोट १९९२ पासून चालू आहेत, तेव्हा हात विश्वासाचा आहे का हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न गाईच्या पायांचा आहे. पार्लरमध्ये, म्हणजे माणसं यंत्र लावून धार काढतात त्या नेहमीच्या जागी, आपण गाय आणतो, इथे तिनं स्वतःहून यावं लागतं. ती का येईल आणि कशामुळे अडेल, याचाच सगळा हिशेब आहे.

आधी साधी आकडेमोड. एका पेटीवर ६० गाई, दिवसाला सरासरी २.७ वेळा धार, म्हणजे १६२ धारा. दर धारेला साडेसात मिनिटं धरली तर १,२१५ मिनिटं. यंत्र आतून धुण्याला दिवसातून तीनदा २० मिनिटं, म्हणजे ६०. नुकतीच धार देऊन गेलेली गाय पेंडीच्या आशेनं परत येते, तिला न पिळता बाहेर सोडण्यात आणखी अर्धा तास. दिवसाच्या १,४४० मिनिटांतून हे वजा केलं की १३५ उरतात. ही उरलेली मिनिटं वाया जातात असं समजू नका. कळपात दबून राहणारी गाय, पहिलारू आणि किंचित लंगडणारी गाय याच रिकाम्या वेळात येतात. त्याच पेटीवर ६८ गाई लावल्या की धारा आणि धुणं यांतच दिवस संपतो. मग या दुबळ्या गाई मागे पडतात, त्यांना हाकून आणावं लागतं आणि वाचलेली मजुरी तिथेच जाते. सावकाश पान्हवणारी, १२ मिनिटं घेणारी गाय दीड गाईहून जास्त जागा खाते. कळप ठरवताना गाई मोजून थांबू नका, मिनिटं मोजा.

पहिल्या गोठ्यात सगळ्यात जास्त वेळ आम्ही गव्हाणीपाशी घालवला, आणि तिथेच सर्वाधिक शिकायला मिळालं. गाय पेटीत दूध द्यायला येत नाही, पेंडीसाठी येते. गव्हाणीतल्या मिश्रणातच तिची सगळी गरज भागली तर तिला उठायचं कारण राहत नाही. म्हणून गव्हाणीतलं मिश्रण कळपाच्या सरासरी दुधापेक्षा ५ ते ७ लिटर कमी दुधाच्या हिशेबानं बनवतात आणि वरची गरज पेटीतल्या पेंडीतून, ज्या त्या गाईच्या दुधानुसार भागवतात. पण इथे एक चूक वारंवार होते. गाय मिनिटाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम गोळी खाते, म्हणजे सात मिनिटांत साधारण अडीच किलो. संगणकात दिवसाला ९ किलो लावले आणि गाय अडीचदाच आली, तर दर फेरीला साडेतीन किलोंहून जास्त व्हावेत. तेवढं ती खाऊच शकत नाही. कागदावर ९ दिसतात, पोटात ६ जातात, बाकी पुढच्या गाईला आयतं मिळतं. शिवाय एका वेळी जास्त पेंड गेली की पोटात आम्ल वाढतं, रवंथ घटतो, पुढे खुरं दुखतात आणि ती गाय येईनाशी होते.

गोळी टणक हवी. भुकटी फार असेल तर गाय नाक फिरवते आणि सोडणारी नळी तुंबते. पेंडीचा नवा लॉट आला की नळीखाली बादली धरा, दहा वेळा पेंड सोडा, वजन करा आणि संगणकातला आकडा त्याप्रमाणे बदला. हे काम दहा मिनिटांचं आहे, तरीही ते राहून जातं.

दुसरा गोठा वेगळ्या पद्धतीचा. इथे वाटेवर निवड करणारं फाटक आहे. धारेची वेळ झालेल्या गाईला ते गव्हाणीकडे जाऊ देत नाही, पेटीसमोरच्या आवारात वळवतं. हाकून आणाव्या लागणाऱ्या गाई इथे कमी होत्या, हे खरं. पण आवारात तीन पहिलारू बराच वेळ उभ्या होत्या आणि दांडग्या गाई मागून येऊन पुढे घुसत होत्या. उभं राहण्यात गेलेला वेळ खाण्यातून आणि बसण्यातून कापला जातो. आमचं मत पहिल्या गोठ्यासारख्या मोकळ्या, फाटक नसलेल्या वाटेच्या बाजूनं आहे, मात्र खुरं चांगली आणि जागा पुरेशी असेल तरच.

जागा म्हणजे पेटीसमोर ५ ते ६ मीटर खोल मोकळं अंगण. पेटीच्या तोंडाशी पायरी किंवा चढ नको, गोठ्याची आणि पेटीची फरशी एका पातळीत हवी. बाहेर पडायची वाट सरळ आणि मोकळी ठेवा. वळण असेल तर एखादी दांडगी गाय तिथेच ठाण मांडते आणि आतली गाय निघत नाही. खुरं बुडवायची टाकी पेटीच्या दाराशी ठेवू नका, नाहीतर गाईच्या मनात पेटी आणि औषधाचं पाणी यांची सांगड बसते. ती गोठ्यातल्या दुसऱ्या वाटेवर ठेवा. हाकून आणलेल्या गाईंसाठी पेटीलगत छोटं आवार करा, पण त्याचं फाटक असं बसवा की मोकळ्या गाईलाही पेटीत शिरता येईल. एरवी एक अडेल गाय सगळी पेटी अडवून धरते.

पेटी मागवण्याआधी दोन कामं उरकून घ्या. सुरुवातीच्या सहा ते आठ आठवडे आधी सगळ्या गाईंची खुरं तासून घ्या. तासल्यानंतर थोडे दिवस पाय नाजूक असतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात हे काम नको. दुसरं, कासा पाहा. मागचे दोन सड एकमेकांना चिकटलेले किंवा आडवे गेलेले असतील, किंवा कास गुडघीच्या खाली लोंबत असेल, तर हात सड शोधत राहतो आणि कप चढत नाहीत. अशा गाईंची यादी आधीच करा. कासेवरचे केस कातरून ठेवा, सापडणारा सडही केसांत हरवतो.

सुरुवात करताना आठ-दहा दिवस गाईंना पेटीतून नुसतं फिरवा. आत येऊ दे, पेंड खाऊ दे, बाहेर जाऊ दे. हाताचा आवाज ऐकून सवय होते. धार सुरू झाली की पहिले तीन दिवस रात्रंदिवस माणसं लागतात, प्रत्येक पाळीत पेटीमागे दोन. सगळा कळप दिवसातून तीनदा आणा. घाई करू नका, काठी तर नकोच. आठवड्यानंतर फक्त आधीच्या धारेला १२ तास उलटून गेलेल्या गाई आणा. तीन-चार आठवड्यांत बहुतेक स्वतः येऊ लागतात. ठरावीक वेळी हाकून नेण्याची सवय लावलीत तर काही गाई तुमचीच वाट बघत बसतील, म्हणून हाकणं शक्य तितक्या लवकर कमी करा. कालवडींना विण्याआधीच पेटी दाखवून ठेवा.

दूध थंड करण्याच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट ऐकली. कूलरमध्ये दूध दिवसभर थोडं थोडं येतं. रिकाम्या कूलरला पूर्ण जोरानं थंडावा दिला तर तळाशी दूध गोठतं, म्हणून तळ झाकेपर्यंत थंडावा मोजून द्यावा लागतो. टँकर दूध नेतो आणि कूलर धुतला जातो, त्या वेळेत रोबोट थांबू नये म्हणून छोटी जोडटाकी लागते. लांब नळी, वारंवार पंप आणि आत शिरणारी हवा यांनी दुधातली चरबी फुटते आणि दुधाला खवट चव येते. कूलर पेटीच्या जवळ ठेवा.

सर्वांत धोक्याची चूक प्रतिजैविकांची आहे. पार्लरमध्ये इंजेक्शन दिलेली गाय माणसाच्या नजरेत असते. इथे ती रात्री दोनला एकटीच जाऊन धार देते. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी संगणकात गाईचं दूध वेगळं काढायची नोंद, ती झाल्याची खात्री, मग सुई. चिकाच्या गाईंचंही तसंच. एखादा सड निकामी असेल तर तोही नोंदवा, नाहीतर यंत्र दर वेळी त्याच्यावर कप चढवायची खटपट करतं आणि वेळ जातो.

रोजची देखभाल थोडी आहे, पण चुकवता येत नाही. कॅमेऱ्याची काच दिवसातून दोनदा पुसा, शेणाचा एक शिंतोडाही कप चढू देत नाही. लायनर, म्हणजे कपाच्या आतलं सडाला बसणारं अस्तर, तारखेनुसार बदलू नका, धारांच्या मोजणीनुसार बदला. रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर जातो, आणि दिवसाला १६२ धारा असतील तर तो पंधरवडाच टिकतो. सिलिकॉनचा जास्त टिकतो, त्याची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्या. फवाऱ्याचं औषध खरंच पडतंय का, हे पिंपावरून कळतं. दर धारेला १० मिली लावले असतील तर १,००० धारांत १० लिटर उतरले पाहिजेत. कमी उतरले तर तोंड तुंबलंय, आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांनी काससुजीत दिसेल. पाणी जड असेल तर क्षार काढणारं यंत्र आधी बसवा.

मालकाला विचारायचं झालं तर सरासरी दूध विचारत बसू नका. आज वेळ उलटून गेलेल्या गाई किती, अर्धवट राहिलेल्या धारा किती, आणि गेल्या महिन्यात रात्री किती वेळा फोन वाजला, हे विचारा. रोबोट बंद पडला की फोन येतो, आणि कुणीतरी उठून गोठ्यात जावंच लागतं. आठवड्यातल्या कोणत्या रात्री तो माणूस कोण असेल, हे यंत्र येण्याआधी लिहून ठेवा. तंत्रज्ञ किती तासांत पोचतो हे करारात लिहून घ्या. जनरेटर आपोआप सुरू होणारा हवा, आणि संगणकाला मधल्या काही क्षणांसाठी बॅटरी हवी, कारण वीज गेली की धार अर्धवट राहते आणि तीच गाय पुढे दोन दिवस यायला कचरते. पार्लर मोडलात तरी एक बादलीचं मशीन चालू स्थितीत ठेवा. नुकती व्यालेली, उठता न येणारी गाय पेटीपर्यंत जाऊ शकत नाही.