किरणोत्सवाची दीड मिनिटं

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळेतले भूगोलाचे सर घरी आले. आता निवृत्त आहेत, पण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं काम अजून मन लावून करतात. म्हणाले, "पोरी, आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवावर, मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर येतात त्यावर, दीड मिनिटाचं काहीतरी करून दे. किरणं येतात हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण का येतात ते दिसू दे." मी दहा-बारा वर्षं ॲनिमेशनचीच कामं करते. साखर कारखान्याच्या माहितीपटापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं केलंय. पण हे काम ऐकून आतून आनंद झाला.

उजेड दाखवायचा म्हणजे माझ्याकडे ठरलेला मार्ग होता. ज्या सॉफ्टवेअरवर माझा सगळा धंदा चालायचा त्याला एक प्लगइन जोडलेलं होतं, दुसऱ्याच एका छोट्या कंपनीचं. दारातून, खिडकीतून येणारे किरण ते छान काढायचं. वर्षाचे पैसे भरलेले होते. महाद्वार, गरुड मंडप, गाभारा अशी चित्रं मी क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवली, थर लावले, किरणांच्या की-फ्रेम दिल्या, म्हणजे किरण कुठल्या क्षणी कुठे असावेत त्या खुणा. पंधरा दिवसांत जवळजवळ झालंच होतं.

मग एका सकाळी मूळ सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं आणि फाइल उघडल्यावर किरणांच्या जागी नुसता काळा पट्टा! प्लगइन काढलं, परत टाकलं, साठलेल्या तात्पुरत्या फाइली साफ केल्या. दुपारी ते चालू झालं, पण प्रीव्ह्यूमध्ये नीट दिसायचं आणि रेंडरमध्ये, म्हणजे शेवटी तयार होणाऱ्या फ्रेममध्ये, लुकलुकायचं. बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकवत बसले. ११३९ व्या फ्रेमला किरण आहेत, ११४० ला गायब, ११४१ ला परत आहेत. त्या एका फ्रेममध्ये दाराची चौकट एकदम सपाट, पुठ्ठ्याची वाटायची. अशा सत्तरेक फ्रेम निघाल्या.

प्लगइनवाल्यांना मेल केला. पोच मिळाली, उत्तर नाही. मूळ सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, की प्लगइन आमचं नाही. माझ्यासारख्या माणसाचा जीव इथंच जातो. दोन कंपन्यांच्या मधल्या फटीत आपलं काम अडकतं आणि ते काढायला दोघांपैकी कुणीच येत नाही. जुनी आवृत्ती एका पेनड्राइव्हवर सापडली, तर लायसन्स परत चालू होईना. दोन मशीनची मर्यादा संपलेली. पैसे भरून विकत घेतलेली वस्तू, माझ्याच टेबलावर, मलाच वापरता येत नव्हती. त्या रात्री मी रडले, आणि त्याचं मला काही वाटत नाही. मेहनत माझी होती.

माझा मामेभाऊ उद्यमनगरात फाउंड्रीत आहे. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, साच्याचा पॅटर्न दुसऱ्याच्या कपाटात असंल तर कास्टिंग परत कसं काढणार? आधी तुझं काय आहे ते बाजूला घे." ते मला पटलं. चित्रं माझी होती. प्रत्येक थर मोकळ्या पार्श्वभूमीची पीएनजी, म्हणजे साधी चित्राची फाइल, करून वेगळ्या फोल्डरमध्ये काढला. किरणांच्या की-फ्रेम मात्र गेल्या त्या गेल्याच.

मग पर्याय शोधले. ओपनटून्झ पाहिलं. हाताने एकेक चित्र काढून करायच्या कामाला ते फार चांगलं आहे, पण माझं हे काम उजेडाचं होतं. शेवटी ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर आले. त्याचं नाव ऐकून होते, फुकट मिळतं म्हणून इतकी वर्षं दूर ठेवलं होतं, हे खरं. या वेळी आधी त्याचा इतिहास वाचला. त्याच्यामागची कंपनी २००२ मध्ये बंद पडली होती. तेव्हा वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी मोकळा केला. कंपनी गेली तरी वस्तू लोकांच्या हातात राहिली. मला तेवढंच हवं होतं. दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात म्हणून ४.२ ही एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती घेतली आणि काम संपेपर्यंत ती बदलायची नाही असं ठरवलं.

पहिला आठवडा जड गेला. दहा वर्षांच्या सवयीने बोटं जुन्याच कळांवर जायची. पण चित्रं थेट उभ्या प्रतलांवर आणता येतात हे कळलं आणि सरांनी काढून दिलेल्या ढोबळ आराखड्यावर मी मंदिर उभं करायला लागले. मंडप पोकळ बांधला आणि आत विरळ धुकं भरलं. सूर्याचा दिवा टाकला तर त्याच्या कोनाच्या चौकटीत ०.५२६ अंश हा आकडा आधीच भरलेला. आकाशात सूर्याची तबकडी साधारण तेवढीच दिसते. मी खुर्चीतून उठून आईला बोलावलं आणि तो आकडा दाखवला.

मग सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन घेतलं, ठिकाण, तारीख आणि वेळ दिली की सूर्य आकाशात योग्य जागी ठेवणारं. ४.२ पासून ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं, पण फाइल आपल्याकडे राहते, लायसन्स कुणाला विचारायचं नाही. त्यात कोल्हापूरचे अक्षांश १६.७, रेखांश ७४.२ टाकले, तारीख १० नोव्हेंबर, वेळ संध्याकाळची. आधी मी किरण चित्रावर चिकटवत होते. आता दार होतं म्हणून किरण होते. सूर्य खाली सरकला तसा प्रकाशाचा पट्टा फरशीवरून आत आला आणि पायापासून वर चढू लागला. तीन दिवसांत चरण, छाती, मुख असा जो क्रम आपण लहानपणापासून ऐकतो त्याच्यामागची ही चढण पहिल्यांदा डोळ्यांनी कळली. महाद्वारापुढे एक ठोकळा ठेवला तर पट्टा तिथंच तुटला. वाटेतल्या बांधकामांवरून दर वर्षी ओरड का होते, तेही त्यात आलं. तो ठोकळा मी फिल्ममध्ये ठेवला.

दीड मिनिट म्हणजे सेकंदाला २५ च्या हिशेबाने २२५० फ्रेम. थेट व्हिडिओ न काढता पीएनजीची माळ काढली. रात्री लाइट गेली, पण झालेल्या फ्रेम जागेवर होत्या. 'ओव्हरराइट'ची, म्हणजे आधीच्या फाइलवर परत लिहिण्याची, खूण काढून परत सुरू केलं आणि रेंडर पुढच्याच फ्रेमपासून चालू झालं. सकाळी एकही फ्रेम लुकलुकत नव्हती.

८ नोव्हेंबरला सरांना दाखवलं. दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीलाही किरणोत्सव असतो. तो कसा दाखवशील?" मी तारखेच्या चौकटीत १ फेब्रुवारी टाकलं आणि वेळ अर्धा तास पुढे घेतली. सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो त्या २१-२२ डिसेंबरपासून दोन्ही तारखा जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणून सूर्य मावळतो ती जागाही जवळजवळ तीच. किरण त्याच चौकटीतून आले आणि त्याच पायरीवर थांबले. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "परत एकदा लाव."