चैत्रात केडगाव: तरुण संघासोबत मुक्ती मिशनला

नगरच्या माणसाला केडगाव म्हटलं की शहराला लागून असलेलं केडगावच आठवतं. आम्ही निघालो होतो ते दौंड तालुक्यातल्या, पंडिता रमाबाईंच्या केडगावला, जिथे निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी उभं केलेलं मुक्ती मिशन आहे. गुरुवारी पाडवा झाला आणि शनिवारी सकाळच्या गाडीने आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ दौंडकडे निघाला. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्याकडे दरवर्षी तरुणांचं शिबिर होतं. दोन भाषणं, प्रश्नमंजूषा, जेवण, फोटो. मी या मंडळीचा पाळक. यंदा मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीला म्हटलं, भाषणं राहू द्या, मी मुलांना कामाला घेऊन जातो.

विसापूर मागे पडलं आणि खिडकीबाहेर चैत्र दिसू लागला. कडुनिंब मोहरले होते, पिंपळाला तांबूस पालवी होती, श्रीगोंद्याकडे तुटून गेलेल्या उसाच्या फडांत खोडव्याचे कोंब वर आले होते. ऊन मात्र दहाच्या आतच चटके देऊ लागलं. देशावरचा वसंत असाच असतो. विहिरी तळाला जातात त्याच दिवसांत झाडं नवी होतात. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, आपल्याकडे नेमका या हंगामात येतो याचं मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

गाडीत मंडळीच्या बातम्या निघाल्याच. कोरसची पेटी दुरुस्त होऊन आली. येत्या रविवारी तिघांचं दृढीकरण आहे, म्हणजे ते आपला विश्वास मंडळीसमोर कबूल करतील. कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या आमच्या एक आजी अजून विचारतात, "पोरं गायला कधी येणार?" कोरसमधल्या दोघांना चाकणला नोकरी लागली. आनंदाची गोष्ट आहे, घरी चार पैसे येतील. पण रविवारी त्यांची शिफ्ट असते आणि पेटीमागची जागा रिकामी राहते. नगर जिल्ह्यातल्या किती मंडळ्यांची आज हीच गत आहे! पोरं पुण्याकडे गेली आणि बाकांवर पांढरे केस उरले.

भीमेचा पूल ओलांडून दौंडला उतरलो, पुण्याकडे जाणारी डेमू पकडली. पाटस, कडेठाण, मग केडगाव.

रमाबाई १८५८ सालच्या एप्रिलमध्ये जन्मल्या. दुष्काळात त्यांनी आई-वडिलांना डोळ्यांदेखत गमावलं होतं. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायांना केडगावच्या जागेत घेऊन आल्या. पुढे इथला संसार दोन हजारांच्या घरात गेला. शारदा सदन, कृपा सदन, प्रीती सदन, दृष्टिहीनांसाठी बार्तिमी सदन ही नावं आमच्या घराघरांत पूर्वीपासून घेतली जातात.

मुलांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल त्यांनी मराठीत आणलं. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईंनी भाषा निवडली ती खेड्यातल्या बाईला कळेल अशी. आणि ते छापलं कोणी? मुक्तीतल्याच बायका-मुलींनी. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली इथे शिकल्या, छपाईचे खिळे जुळवू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडलं. पवित्र शास्त्राचं काम त्यांनी या मुलींच्या हाती सोपवलं. आम्ही मात्र बी. ई. झालेल्या मुलीला उपासनेत शास्त्रपाठ वाचायला देताना कमिटीत चर्चा करतो. हे मी पाळक म्हणून बोलतो आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

काम साधंच मिळालं. मुलांनी लोखंडी खाटा बाहेर काढून घासल्या, रंगवल्या. मुलींबरोबर काही मुलंही गहू निवडायला बसली. सुपं हातात घेऊन पाखडायला आमच्या पोरांना आधी जमेना. तिथल्या मावशींनी मनगट कसं वळवायचं ते शिकवलं. उन्हात फोलपटं उडत होती आणि कोणालाही भजन म्हणायला सांगावं लागलं नाही.

दुपारी एका दृष्टिहीन मावशींनी ब्रेलमधलं शुभवर्तमान मांडीवर घेतलं. जाड, पिवळसर पानं. उजव्या हाताची बोटं ओळीवरून सरकत होती, डावा हात पुढची ओळ शोधून ठेवत होता. मत्तयाचा अठ्ठाविसावा अध्याय. "तो येथे नाही" या शब्दांवर त्यांची बोटं थांबली, मागे गेली आणि त्यांनी ते पुन्हा वाचलं. मी हा अध्याय कितीदा तरी वाचून उपदेश केला आहे. इतक्या सावकाश मी तो कधी वाचला नव्हता. आमच्यातल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, मी हात लावून बघू?" त्यांनी तिचं बोट धरून त्याच ओळीवर ठेवलं.

परतीच्या गाडीत मुलंच बोलत होती, मी ऐकत होतो. यंदा पुनरुत्थानाचा रविवार ५ एप्रिललाच आहे, रमाबाईंच्या स्मृतिदिनी. ती मुलगी म्हणाली, "पाळकसाहेब, पहाटेची उपासना आम्हाला द्या. सगळी. उपदेशसुद्धा." बाकीचे गप्प झाले. मी हो म्हटलं. दानाची मोजणीही त्यांनीच करायची आणि खजिनदारांच्या वहीत सही त्यांचीच, हे मी स्वतःहून जोडलं.

घरी पोचल्यावर कमिटीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना फोन केला. एक लगेच तयार झाले. दुसरे म्हणाले, "उपदेश तरी तुम्हीच करा, साहेब." त्यांच्याशी रविवारनंतर बसून बोलायचं आहे, पण शब्द मी मुलांना देऊन बसलो आहे आणि तो मागे घेणार नाही.

उपासना पहाटे साडेपाचला आहे. चाकणच्या दोघांनी शिफ्ट बदलून घेतली, शनिवारी रात्रीच्या एसटीने ते येतील. उपासना झाली की पेटी रिक्षात घालून सगळे आजींच्या घरी जाणार आहेत. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी जरूर यावं.