सांगलीच्या मे महिन्यात अठरा अंशांचं पाणी

११ मे, सांगली. दुपार.

दीड वाजलाय, फरशीसुद्धा कोमट लागतेय. अशा दिवसांत अ‍ॅक्सोलॉटलबद्दल लिहायचं तर टाकीच्या मापापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. हा आयुष्यभर पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला सॅलॅमँडर, बेडकाच्या गोतावळ्यातला. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. ती जागा समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंच. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, सांगली साडेपाचशे. म्हणजे महाबळेश्वरला खाली वाकून बघणाऱ्या गावचा पाहुणा आपण कृष्णाकाठी आणून ठेवणार.

त्याला १६ ते १८ अंश हवेत. २० पर्यंत तक्रार नाही. २४ च्या वर पाणी राहिलं की तो खाणं टाकतो आणि कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते. कारण साधं आहे. १८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेनऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आणि उबेत त्याच्या अंगाची गरज मात्र वाढते. त्यात भर म्हणजे २० चे ३० अंश झाले की त्याच्या अंगातून पाण्यात सुटणाऱ्या तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दुप्पट होतो.

पाण्यावर पंखा लावून भागतं का? पंखा म्हणजे माठच. बाष्पीभवनाने गारवा. आजच्यासारख्या कोरड्या दुपारी तीन-चार अंश उतरतात, पण ३२ चे २८ झाले तरी हा प्राणी काही वाचत नाही. आषाढात हवा ओलीचिंब असते तेव्हा माठही गार होत नाही आणि पंखाही कामाचा राहत नाही. घरातलं पाणी तेव्हा २५-२६ वर अडकतं आणि आपण मात्र ‘पाऊस पडतोय, आता गार आहे’ म्हणून गाफील. मला मे महिन्यापेक्षा जुलैची जास्त धास्ती वाटते.

बर्फाचा हिशेब तर एकदा मांडावाच. १०० लिटर पाणी, फ्रीझरमधली एक लिटरची गोठलेली बाटली: वितळून सगळा गारवा दिला तरी टाकी जेमतेम एक अंश उतरते. ३० वरून २० वर यायला दहा बाटल्या, आणि खोली ३५ ला असेल तर ती उष्णता लगेच परत शिरणार. दिवसातून दोनदा पाच अंशांची चढउतार हा वेगळाच छळ. बाटल्या लाईट गेल्यावर वापरायच्या, रोजच्या पाण्याला नव्हेत.

म्हणून चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, तोही फ्रीजसारखा कॉम्प्रेसरवाला. छोटे इलेक्ट्रॉनिक चिलर आपल्या उन्हाळ्यापुढे हात टेकतात. दुकानात ‘शंभर लिटरला चालतो’ सांगतील. तो आकडा खोलीपेक्षा किती अंश खाली नेण्यासाठी आहे ते विचारायचं. आपल्याला सतरा-अठरा अंशांचा फरक लागतो. चिलर टाकीखालच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो, तेव्हा मागे वीतभर मोकळी जागा हवी. टाकीच्या तीन बाजूंना आणि तळाला थर्माकोल. पावसाळ्यात समोरच्या काचेला घाम फुटतो आणि प्लायवूडचा स्टँड फुगतो. स्टँड लोखंडी घ्यावा.

चिलरचे पैसे जमेपर्यंत प्राणी आणू नये. हे कठोर वाटेल, पण यात मधला मार्ग नाही.

टाकी एका प्राण्याला तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. चार बोटं रिकामी ठेवून भरली की १०० लिटरच्या थोडं वर पाणी बसतं. झाकण हवंच, तो उडी मारतो. तळात खडे अजिबात नकोत: तो तोंड उघडून घास ओढतो, त्याबरोबर खडा जातो आणि आतडं तुंबतं. तळ रिकामा ठेवावा किंवा प्राणी वीतभर झाल्यावर बारीक वाळू. लपायला चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, कडा घासून. पापण्या नसतात, झगझगीत दिवा लावू नये. फिल्टर स्पंजचा; धार जोराची असेल तर कल्ले सतत पुढे वळलेले दिसतात. चिलरमधून येणारं पाणीसुद्धा काचेवर आपटवून मंद करावं.

संध्याकाळ. लाईट गेली.

थर्माकोल नसलेली टाकी अशा खोलीत ढोबळ मानाने तासाला पाऊण-एक अंश चढते. तासाला एक बाटली, हिशेब सरळ. इन्व्हर्टरवर चिलर ओढला नाही तरी एअर पंप चालू राहिला पाहिजे.

उकाड्याचा एक फायदा मात्र आहे. टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते उबेत भराभर वाढतात. तेव्हा प्राणी न आणता, चिलर बंद ठेवून टाकी आत्ताच लावावी. १०० लिटरला ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराईड घातलं की अमोनिया सुमारे २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याचा नको, शुद्ध घ्यावा. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरून नायट्रेट दिसतं. मग पुन्हा घातलेले २ पीपीएम चोवीस तासांत उतरून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणायचं, चिलर लावायचा आणि १८ अंशांवर तीच परीक्षा पुन्हा घ्यायची, कारण थंडीत जिवाणू सुस्तावतात. बहुतेक जण घाई करतात ती इथेच.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) थेंबांनी मारावं. बोअरचं पाणी आधी तपासावं. ऊसपट्ट्यात नायट्रेट आणि क्षारपड भागात मीठ निघू शकतं. पाणी आटतं, क्षार मागे राहतात. म्हणून आटलेल्याची भर आरओच्या पाण्याने. आणि बदलताना एकदम २५ लिटर नको: ३० अंशांचं तेवढं पाणी ओतलं तर शंभर लिटरची टाकी १८ वरून थेट २१ वर जाते. दहा लिटर ओतलं तर १९ च्या जरा वर. उन्हाळाभर तीन दिवसांनी दहा लिटर बरं.

कागदपत्रांचं थोडक्यात: हा प्राणी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तिथून उठावं.

खाणं ही सांगलीकराला सर्वांत सोपी गोष्ट. गांडूळखताचे वाफे गावोगावी आहेत. फक्त जात बघून घ्यावी: लालसर, वळवळी आयसेनिया कडवट पिवळा रस सोडते, बरेच अ‍ॅक्सोलॉटल ती थुंकून टाकतात. जाडजूड युड्रिलस उत्तम. फवारणीच्या रानातली गांडुळं नकोत. आणलेली एक दिवस ओल्या कोकोपीटमध्ये ठेवून, धुऊन द्यावीत. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी एक-दोन. पिल्लाला रोज, तुकडे करून. पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात. पाय परत फुटतात हे खरं, पण टाकीत मधे जाळी लावणं त्यापेक्षा स्वस्त. उरलेला तुकडा तासाभरात काढायचा, नाहीतर रात्रीत अमोनिया चढतो.