पाणी तोडलेले दिवस

दुपारी कपडे उलटे करायला बाल्कनीत गेले, तर सकाळचे पंचे अजून ओलेच. जानेवारीत पुण्यात मळभ आलं की हे असं होतं. त्यात आमची बाल्कनी उत्तरेची. सप्टेंबर सरता सरता इथून गेलेलं ऊन थेट मार्चअखेर, पाडव्याच्या आगेमागे, कठड्यावर तिरकं टेकतं. मधले सहा महिने आम्ही समोरच्या बिल्डिंगवर पडलेलं ऊन बघतो.

कोपऱ्यात मोगऱ्याची कुंडी. कुंडीत नुसत्या काड्या. वाकून एका काडीवर हलकं नख ओढलं. करडी साल निघाली आणि आत हिरवं दिसलं, मेथीच्या कोवळ्या देठासारखं. जरा बरं वाटलं. पंचे उलटे करायचे राहिलेच.

पुण्याच्या थंडीला उदास म्हटलेलं इथे कुणाला खपत नाही. आमच्याकडे थंडी हा अभिमानाचा विषय. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्या चौकाला कायमचं चिकटलं. सामानाबरोबर थोडी थंडीही आली असावी, अशी पुणेकरांची आतून समजूत आहे. पारा दहाच्या खाली उतरला की पेपरात पाषाण आणि शिवाजीनगरचे आकडे शेजारीशेजारी येतात आणि पाषाणला राहणारा माणूस विनाकारण ताठ चालू लागतो. 17 जानेवारी 1935 ला पुण्यात 1.7 अंश होतं, हे सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. स्वेटर न घालता सांगतात. हुरडा, भोगीची भाजी, गुळाची पोळी, सगळं मान्य. पण दुपारी चारला स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला की मला काही सुधरत नाही.

खरं तर बागेचा हंगाम हाच. शेवंती, डेलिया, पिटुनिया सगळे आत्ताच रंगात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं आणि अर्धं पुणं तिकडे लोटतं. मीही जाते. ताटाएवढे डेलिया बघते, गुलाबांची नावं वाचते, भेळ खाते आणि हात हलवत परत येते. फुललेली कुंडी विकत आणणं मला जमत नाही. सगळं दुसऱ्याने केलेलं, आपण नुसतं रिक्षात मांडीवर धरून आणायचं, आणि घरी आल्यावर ती दिवसागणिक उतरतच जाणार. त्यात माझं काय? ‘तुझा विक्षिप्तपणा,’ असं घरचे म्हणतात. असेल.

मोगऱ्याचं उलट आहे. थंडीत त्याचं पाणी तोडायचं, अगदी मरणार नाही इतपतच द्यायचं. मग छाटणी. थंडी ओसरू लागली की माती उकरून शेणखत घालायचं आणि पाणी वाढवायचं. मधल्या काळात माझा हात शिवशिवतो. कर्वे रोडच्या आतल्या बाजूला एक नर्सरी आहे, तिथल्या मामांना मी दर थंडीत तोच प्रश्न विचारते.

“मामा, पाणी किती घालू?”

“नका घालू.”

“मग काय करू?”

“काही करू नका, ताई. तुम्ही फार बघता त्याच्याकडे.”

हे फार बघणं आजीकडून आलंय. नारायण पेठेतल्या वाड्यात, चौकाच्या कडेने तिच्या पत्र्याच्या डब्यांची रांग होती. गोडेतेलाचे, डालड्याचे, एक तर रॉकेलचा. त्या चौकातही थंडीत ऊन जेमतेम पाटाएवढं यायचं, आणि तेवढ्यात सांडगे-पापडांच्या ताटांची आणि तिच्या डब्यांची भांडणं. संक्रांत झाली की ती अडकित्ता घेऊन मोगऱ्यापाशी बसायची. कात्री घरात होती, पण ती आजोबांची, वर्तमानपत्राची कात्रणं कापायची. म्हणून अडकित्ता. फांदी त्याच्या तोंडात धरली की सुपारी फुटावी तसा कट् आवाज यायचा आणि काडी माझ्या परकरावर पडायची. मग पानं ओरबाडायची, एकूण एक. मी रडवेली व्हायचे. ती म्हणायची, “अगं, पानं ठेवली की तो आळशी होतो.” बंबातली थंड झालेली राख मूठभर बुंध्याशी, आणि तोच हात पदराला पुसून चहाचं आधण.

चैत्रात मग तिची सत्ता. संध्याकाळी कळ्या मोजल्या जायच्या आणि वाटणी जाहीर व्हायची: इतक्या देवाला, इतक्या आत्याच्या वेणीला, दोन माठात. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना किती, ते त्या आठवड्यात नळावरून काय बोलणं झालंय त्यावर. त्या दोन फुलांचं माठातलं पाणी पिताना मी डोळे मिटून घ्यायचे. तहान नसतानाही प्यायचे.

थंडी शिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात. त्याच्या आधीच मी टेकडीवर चकरा सुरू करते. हनुमान टेकडीवर गिरिपुष्पाला बिनपानांच्या फांद्यांवर फिकट गुलाबी तुरे येतात. मुळात परदेशी झाड, टेकड्या हिरव्या करायला लावलेलं, आणि त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही म्हणून निसर्गप्रेमी त्याच्यावर चिडून असतात. त्यांचं बरोबर आहे, पण फेब्रुवारीत मी त्यांचं ऐकत नाही. मग काटेसावर, मग कडुनिंबाची तांबूस पालवी, आणि तोवर माझ्या कठड्यावर उन्हाची पहिली पट्टी. आमच्याकडे मोगरा बेताचाच येतो. एका वेळी चार कळ्या म्हणजे चंगळ.

यंदा एक भानगड आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. करारावर सह्या झाल्या, मे महिन्यात जागा रिकामी करायची. नव्या नकाशात बाल्कनीच्या जागी ‘ड्राय टेरेस’ आहे आणि तिथे वॉशिंग मशीनचा चौकोन आखलेला आहे. दिशा कोणती, असं मी बिल्डरच्या माणसाला विचारलं, तर तो पार्किंगबद्दल बोलू लागला. भाड्याने बघितलेल्या घराला बाल्कनीच नाही. सिंहगड रोडला बहिणीची गच्ची आहे, दिवसभर ऊन. ती म्हणते, आण इकडे, मी सांभाळते. तिथे तो उन्हाळाभर धो धो फुलेल, ओंजळी भरतील, आणि ती मला रोज फोटो पाठवेल.

मला ते नको आहे.