आतोचाचे नाणे आणि त्याचे कोंदण

मायामीहून फ्लोरिडाच्या टोकाच्या ‘की वेस्ट’ बेटापर्यंतचा रस्ता आणि तिथली दोन दिवसांची गर्दी यांविषयी मला फारसे सांगायचे नाही. मी गेले होते ती ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ या स्पॅनिश जहाजावरची चांदीची नाणी पाहायला. हवानाहून स्पेनला निघालेले हे जहाज ६ सप्टेंबर १६२२ रोजी याच भागातल्या समुद्रात चक्रीवादळात बुडाले आणि त्यावरच्या २६५ जणांपैकी पाचच वाचले. बुडालेले खजिने शोधणारे अमेरिकन मेल फिशर यांनी सोळा वर्षे त्याचा शोध घेतला. त्या शोधात १९७५ साली बोट उलटून त्यांचा मुलगा, सून आणि एक पाणबुड्या दगावले, आणि बरोबर दहा वर्षांनी, २० जुलै १९८५ रोजी, मुख्य साठा सापडला.

पहिल्या दुकानात ‘आतोचाची चांदी’ म्हणून जे पदक माझ्या हातावर ठेवले, ते सापडलेली चांदी वितळवून पाडलेली नक्कल होती, आणि ही गोष्ट पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेली होती. मला मनापासून वाईट वाटले. साडेतीनशे वर्षे समुद्रात टिकलेली चांदी अशी मोडीत घालावी, हे मला अजूनही पटत नाही.

दुसऱ्या दुकानात मात्र खरे आठ रियालचे, म्हणजे त्या काळच्या स्पॅनिश चलनातले, चांदीचे नाणे पाहिले. हाताने कातरलेली वेडीवाकडी कड, एका बाजूला क्रूस आणि त्याच्या चार कोनांत किल्ले व सिंह, दुसरीकडे राजचिन्ह आणि त्याच्या शेजारी आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या टांकसाळीचा ‘पी’. ज्या डोंगरातून ही चांदी निघाली, तिथे आदिवासींना वेठीला धरून खाणीत उतरवत असत. ते अक्षर अंगठ्याखाली लागले तेव्हा मला ती माणसे आठवली. पेटीत एकमेकांना चिकटून राहिलेल्या नाण्यांपैकी बाहेरची खाऱ्या पाण्याने खाल्ली आणि आतली शाबूत राहिली, म्हणून ठसा जितका स्पष्ट तितकी किंमत जास्त. मी झिजलेले घेतले, कारण परवडणारे तेच होते आणि आवडलेही तेच.

आजीच्या पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक पुतळीला कडी डाग देऊन, म्हणजे झाळून, बसवलेली आहे. माझ्या या नाण्याला भोक नाही, डाग नाही. सोन्याच्या कोंदणाने ते नुसते कडेने धरलेले आहे, हवे तेव्हा सोडवता येईल असे. घरी आल्यावर आईने ते हातात घेतले आणि पुढची बाजू न पाहता आधी उलटे करून कडी कुठे जोडली आहे ते पाहिले.