फॅमिकॉमचा एकविसावा पाय : माझा अनुभव

ओसाकात नोकरी करणारा माझा आतेभाऊ गेल्या दिवाळीत घरी आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून निन्टेंडो कंपनीचा मूळ फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र, आणला. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेले हे यंत्र. नव्वदच्या दशकात आमच्या घरात जो ‘टीव्ही गेम’ होता, तो याच यंत्राची नक्कल होता, आणि त्याच्या साठ पिनांच्या कॅसेटही मुळात याच यंत्रासाठी ठरलेल्या आकाराच्या होत्या. जपानी लोकही तिला ‘कासेत्तो’च म्हणतात, हे भावाकडून ऐकून मला फार आनंद झाला.

परंतु हे यंत्र आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही. वीजपुरवठ्याचा प्रश्न लवकर सुटला. मूळ अडॅप्टर १०० व्होल्टच्या जपानी विजेसाठी असून तो १० व्होल्ट डीसी देतो, आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आपल्याकडच्या बहुतेक अडॅप्टरांचा मधला भाग धन असतो, म्हणून मी ९ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर घेऊन त्याच्या टोकाच्या तारांची अदलाबदल केली आणि मल्टिमीटरने तीनदा खात्री केल्यावरच तो यंत्राला जोडला. पुढे ५ व्होल्ट करण्याचे काम यंत्रातला ७८०५ रेग्युलेटर करतो.

चित्राचा प्रश्न मात्र खरा कठीण होता. फॅमिकॉममधून चित्र आणि आवाज फक्त अँटेनाच्या वाटेने बाहेर पडतात, आणि तेही जपानच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वाहिनीवर, म्हणजे ९१.२५ किंवा ९७.२५ मेगाहर्ट्झवर. भारतात अँटेनावर दिसणाऱ्या दूरदर्शनच्या जुन्या वाहिन्यांचा खालचा पट्टा ६८ मेगाहर्ट्झला संपत असे आणि वरचा १७४ ला सुरू होत असे. मधल्या जागेत एखाद्या टीव्हीने चित्र शोधलेच, तरी जपानी पद्धतीत आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपला टीव्ही तो ५.५ वर शोधतो. त्यामुळे चित्र आणि आवाज वाहिनीच्या लहरीवर चढवणारा यंत्रातला भाग, म्हणजे मॉड्युलेटर, वगळून चित्र थेट एव्ही सॉकेटमध्ये नेणे, हाच मार्ग उरत होता.

हे चित्र आरपी२सी०२ नावाच्या चाळीस पायांच्या चिपमध्ये तयार होते आणि तिच्या एकविसाव्या पायावर पूर्ण रंगीत व्हिडिओ सिग्नल मिळतो. तो टीव्हीच्या ७५ ओहमच्या इनपुटला स्वतःच्या बळावर पुरा पडत नाही, म्हणून मध्ये सिग्नलला बळ देणारा एक पीएनपी प्रकारचा ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढे छोटे सर्किट लागते. हे सगळे सामान मी पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातून आणले. सर्किटच्या चित्रात २एन३९०६ हा ट्रान्झिस्टर दाखवला होता, पण दुकानात बीसी५५७ सहज मिळाला. तोही पीएनपी आणि कामाला योग्यच आहे. यंत्राला हात लावण्याआधी दोन संध्याकाळी मी एका बंद पडलेल्या रेडिओच्या बोर्डावर पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख लावण्याचा आणि काढण्याचा सराव केला. ज्यांनी पूर्वी कधी हे काम केलेले नाही, त्यांनी ही पायरी वगळू नये असे मी कळकळीने सांगेन, कारण आरपी२सी०२ ही चिप आता कोणी बनवत नाही.

पहिल्या जोडणीत चित्र आले, पण ते इतके अंधारे आणि फिकट होते की मारिओच्या टोपीचा लाल रंगही नीट ओळखता येत नव्हता. मी सगळे डाख पुन्हा तापवून पाहिले, रेझिस्टर मोजले, केबल बदलली. दोन रात्री गेल्यावर दोन्ही ट्रान्झिस्टरांची माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचली आणि चूक सापडली. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एन३९०६ चे तीन पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात, तर बीसी५५७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. मी तो चित्राप्रमाणे लावला होता, म्हणजे उलटा. सुदैवाने चिपला इजा झाली नव्हती, आणि ट्रान्झिस्टर फिरवून लावताच पडदा उजळला.

उजळलेल्या पडद्यावर आता उभ्या, फिकट पट्ट्या स्पष्ट दिसू लागल्या. त्यांना ‘जेलबार’ म्हणतात. एकविसाव्या पायापासून निघणारी व्हिडिओची रेघ बोर्डावर डिजिटल सिग्नलांच्या रेघांजवळून जाते आणि त्यांचा खडखडाट तिच्यात उतरतो. मी बोर्डाच्या मागच्या बाजूने तार जोडली होती, त्यामुळे तो खडखडाटही तिच्यातून येत होता. उपाय एकच होता : तो पाय बोर्डातून मोकळा करून वर उचलायचा आणि तार थेट त्यालाच जोडायची.

या कामाला मी सर्वांत जास्त वेळ दिला. जुना डाख सहजी वितळत नाही, म्हणून आधी त्यावर थोडा ताजा डाख आणि डाख नीट वाहू देणारा फ्लक्स घातला, मग वितळलेला डाख शोषणाऱ्या सकरने ओढून घेतला आणि राहिलेला तांब्याच्या जाळीने टिपला. तरीही पाय भोकाच्या एका कडेला चिकटलेलाच होता. अशा वेळी जोर केला तर तो चिपच्या अंगापासूनच तुटतो. मी थांबून बोर्ड पूर्ण गार होऊ दिला, पुन्हा तेवढीच क्रिया केली, आणि तिसऱ्या खेपेला पाय सुईच्या टोकाने हलला. तो बाहेरच्या बाजूला हळूच वाकवून त्याला बारीक तार जोडली आणि जोड उष्णतेने आक्रसणाऱ्या नळीने झाकला.

आवाज मी ध्वनी निर्माण करणाऱ्या चिपवरून न घेता कॅसेट सॉकेटच्या ४६ व्या पिनेवरून, कपॅसिटरमधून घेतला. फॅमिकॉमचा आवाज ४५ व्या पिनेने कॅसेटमध्ये जातो आणि ४६ व्या पिनेने परत येतो. कोनामी या गेम कंपनीच्या व्हीआरसी६ सारख्या चिपा असलेल्या कॅसेट त्याच वाटेत स्वतःचे तीन जास्तीचे स्वर मिसळतात, आणि तार आधीच्या टप्प्यावर जोडली तर ते ऐकूच येत नाहीत. व्हिडिओसाठी मागचे अँटेनाचे (आरएफ) सॉकेटच वापरले आणि आवाजाची केबल कंट्रोलरच्या वायरीच्या खाचेतून बाहेर काढली, त्यामुळे कवचाला एकही भोक पाडावे लागले नाही.

मग मारिओ लावला. आमच्या लहानपणीचा टीव्ही गेम पॅल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रे दाखवणारा होता आणि त्याचे संगीत त्या चित्रांच्या गतीने चाले. ६० चित्रांसाठी रचलेली ती धून मी आयुष्यभर सहापैकी पाचच्या गतीने ऐकत आलो होतो. ती आता तिच्या मूळ चालीत सुरू झाली आणि माझा पहिला मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडला, कारण बोटांना उडीचा जुना वेळ पाठ होता.

निळ्या आकाशावर अगदी जवळून पाहिले तर पट्ट्यांची पुसट खूण अजून दिसते. आणखी उष्णता देण्याची माझी इच्छा नाही. कवच बंद करण्यापूर्वी सर्किटचे चित्र, प्रत्येक तारेचा रंग आणि ‘बीसी५५७, पाय उलटे’ एवढा मजकूर एका जाड कागदावर लिहून तो वरच्या कवचाला आतून चिकटवला आणि स्क्रू पिळले.